साडेसहाशेच्या आत

दुकानाचं नाव वाईन शॉप,
आणि वाईनच तेवढी शोधावी लागते.
पुढे रम, बीयर, क्वार्टरच्या रांगा,
काउंटरवर सुट्ट्या पैशांची हुज्जत.
उमाठेंचा पोरगा दरवेळी तेच विचारतो,
"लाल वाईन? कोणाले गिफ्ट द्याची हाय का जी, काकू?"
नाही रे बाबा. प्यायची आहे.

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत
दगडाचे काप घासले,
इतके पातळ की काळा बेसॉल्टसुद्धा
काचेवर उजेडाला वाट द्यायचा.
तेव्हापासून कुठलीही वस्तू
आधी उजेडासमोर धरते.
दमयंती आधी किंमत बघते.

नियम दोघींचा एकच, साडेसहाशेच्या आत.
दर दुसऱ्या शनिवारी एक बाटली,
गोकुळपेठेतल्या तिच्या स्वयंपाकघरात,
आणि निकाल किराण्याच्या वहीत.
जिरं पाव किलो, रिठे, हिंग,
त्याच्याच खाली:
"लेबलवर किल्ला, आत गुळाचं पाणी."
"बरी. पण नऊशेची बरी आपल्या काय कामाची?"
"उन्हात भाजलेली."
ही शेवटची नोंद सात वेळा आहे.
नागपुरात बाटलीही मे महिना भोगते.
शोकेसमधली घेऊ नये, हे आम्ही
चार हजार रुपये घालवून शिकलो.

तर ही मिळाली खालच्या फळीवर,
सोड्याच्या क्रेटमागे.
आडवी ठेवलेली नव्हती, पडलेली होती,
तेवढंच तिचं नशीब.
मांजरेच्या काठची.
"मांजरेकाठी द्राक्षं? तिथं त तूर होते बाई."
छपाई किंचित तिरकी,
मागे गाव, तालुका, आणि चक्क
मालकाचा मोबाईल नंबर.
पाचशे ऐंशी.

कूलरपुढे बादलीत अर्धा तास ठेवली,
कारण खोलीचं तापमान म्हणजे आमच्याकडे त्रेचाळीस.
डब्यात सावजी मटण,
तर्री अशी की भल्या भल्या नावाजलेल्या बाटल्या
पहिल्या घासालाच मान टाकतात.
हिने टाकली नाही.

आधी जांभूळ. मग जांभळाची बी, तुरट.
मग काहीतरी माझ्या ओळखीचं:
लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडतो
तो विटकरी पट्टा.
एक थर निवला, त्यावर माती धरली,
आणि दुसऱ्याने येऊन ती भाजली.
सर्वेक्षणाला जायचो तेव्हा
तो आम्ही जिभेला लावून बघायचो,
साहेबांची पाठ वळली की.
दमयंतीला यातलं काहीच लागलं नाही.
तिने दुसरा ग्लास ओतला
आणि वहीत लिहिलं, "हो."

नंबर लावला. पलीकडे पाण्याची मोटर.
"नागपूर? आमची बाटली नागपूरला पोचली व्हय?"
सुग्रीव बिराजदार. चौथं पीक.
"जास्त लावली तर घेईल कोण मावशी,
आम्हाला वळखतंय कोण?
घरचे म्हणतेत, वेली काढा, सोयाबीन लावा."

इथेच सगळी गोम आहे.
सांगत सुटावं तर ती नऊशेची होणार,
गप्प बसावं तर
ती असणारच नाही.

पुढच्या शनिवारी दुकानात पाच होत्या.
"पाचही घे," दमयंती म्हणाली.
मी तीन घेतल्या.
उरलेल्या दोन क्रेटमागून काढल्या,
पदराने पुसल्या,
डोळ्यांच्या रेषेत, लेबल बाहेर,
शोकेसपासून लांब, सावलीत उभ्या केल्या.
"काकू, दुकान तुमचं हाय का?"

एक मुलगी मघापासून
फळीवर बोट फिरवत होती,
बाटलीवर नाही, किमतीच्या चिठ्ठ्यांवर.
तिचं बोट पाचशे ऐंशीपाशी अडलं.
जिभेवर आलं होतं सगळं,
जांभूळ, दगड, बिराजदार.
काही बोलले नाही.
ट्यूबलाइटच्या आड उभी होते,
तेवढी बाजूला झाले.